रिकाम्या ग्लासाचा वास

माझ्या बाबांच्या नाकाबद्दल आमच्या महाल भागात कुणालाही विचारा. आमच्या गल्लीत मसाल्याची दुकानं आणखीही आहेत, पण मूठभर मिरची नाकाशी नेऊन, न चाखता, "ही भिवापुरी नाही, कोण्या दुसऱ्या गावची घुसवली यात," असं व्यापाऱ्याच्या तोंडावर सांगणारा माणूस एकच, रामाजी. माझी आई, सिंधूताई, होती तेव्हा म्हणायची, "या माणसाच्या घरात चोरून भजे बी खाता येत नाही." दुकानाच्या पाटीवर नाव आईचं आहे, पण गिऱ्हाईक यायचं ते बाबांच्या नाकाच्या भरवशावर.

म्हणून माझ्या भावानं, अंकुशदादानं, पुण्याहून फोन करून "बाबाचं नाक गेलं" असं म्हटलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मागच्या खेपेचा मसाला जळका लागला, सोना," तो म्हणाला. "त्याच्या आधीचा कच्चा होता. बाबाले काहीतरी झालं आहे. दुकान बंद करू. मी त्यायले इकडं घेऊन येतो."

"तुह्या जिभेले पुण्याचं पाणी लागलं," मी म्हटलं. "बाबाचं नाक जाग्यावर आहे."

"मंग दाखव. नाक जाग्यावर असन तं मी पुन्हा पुण्याचं नाव नाही काढणार. नसन तं जानेवारीत येतो अन् घेऊन जातो."

दादा वाईट नाही. पण त्याला काय कळणार? बाबांना पुण्यातल्या त्या सातव्या मजल्यावर नेऊन बसवलं असतं, तर दिवसभर गॅलरीतून खालच्या गाड्या बघत बसले असते आणि लवकरच खाटेला लागले असते. दुकान आहे म्हणून ते सकाळी उठून दाढी करतात. मी मनाशी ठरवलं, दादाचं तोंड एकदाचं बंद करायचं.

मी सदर भागातल्या एका हॉटेलात वाइन शिकवते. तिथल्या वेटर पोरांना शिकवते आणि हौसेनं येणाऱ्या डॉक्टर-वकिलांनाही. नातेवाईक याला 'दारूचं काम' म्हणतात, म्हणू देत. हे नाक मला बाबांनी दिलंय. लहानपणी ते माझ्या डोळ्यांवर आईचा रुमाल बांधायचे आणि एकेक जिन्नस नाकाखाली धरायचे. दगडफूल, जायपत्री, नागकेशर. ओळखलं तर गुळाचा खडा, चुकलं तर टपली. तीच परीक्षा आता मी त्यांची घेणार होते, आणि घेणार होते वाइनवर. मसाल्यावर घेतली तर दादा म्हणणार, रंग पाहून सांगितलं. वाइनमध्ये काळ्या-तांबड्या पाण्याशिवाय दिसतं काय? आणि बाबांनी जन्मात कधी वाइन हुंगलेली नाही. त्यांनी एक जरी वास बरोबर पकडला, तरी दादा गप्प.

बाबांनी मात्र फोनवर नन्नाचा पाढा लावला.

"मी पीन नाही, बेटा. पाचवं शील आहे माह्यावर."

रोज संध्याकाळी बुद्धवंदना करणारा माणूस तो. पंचशिलातलं पाचवं शील नशापाण्यापासून दूर राहण्याचं. ते त्यांनी आयुष्यभर पाळलं.

"प्यायची नाही बाबा, फक्त हुंगायची."

मग ते म्हणाले, "हाव. नाकाले शील नाही."

मी खो खो हसले. ते हसले नाहीत, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

वाइन हुंगायची तर घर कोरं लागतं. म्हणून मी त्यांना बजावलं, रविवारी सकाळपासून अगरबत्ती नाही, मेणबत्ती नाही, मसाला भाजायचा नाही. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर शेजारची फोडणी आत येते. पंखा बंद. बाबा म्हणाले, "सकाळी सिलेंडर बदलतो, चहा करतो, अन् मंग काही पेटवत नाही." आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. पोरीचा हट्ट त्यांनी कधी मोडला नव्हता.

डिसेंबरातली उतरती दुपार होती. घर तसं छोटंच. पुढे दुकान, त्यात कांडपयंत्र आणि डबे. दोन पायऱ्या चढून मागची खोली. तिथेच ओटा, ओट्याखाली सिलेंडर, दिवाण, आणि कोनाड्यात बुद्धमूर्तीशेजारी आईचा फोटो. खोलीच्या मागे अंगण, अंगणात नळ. मी अंगणातून आत आले आणि दार लावून घेतलं, तोच एक उग्र वास नाकात शिरला.

"हिंग आणला काय बाबा?"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हल्ली ते असंच करायचे. कुणीही बोलत असलं की त्याच्या चेहऱ्यावरून नजर हटवायचे नाहीत. मला वाटायचं, आई गेल्यापासून माणूस एकटा पडला, माणसांच्या चेहऱ्यांना भुकेला झाला. साथीच्या त्या वर्षी दोघंही दवाखान्यात होते. परत एकटे बाबा आले.

"हाव," ते म्हणाले. "आणला ना परवा."

हिंगाचा वास माझ्यासाठी माहेरचाच. मी पुढचा विचार केला नाही. मसाल्याच्या एका डब्याला मोबाइल टेकवला, बाबांना दिवाणावर बसवलं, समोर स्टुलावर दोन ग्लास ठेवले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पोराला दाखवायचा व्हिडिओ म्हणून त्यांनी केसांना तेलही लावलं होतं. ते पाहून मला भरून आलं, आणि दादाचा आणखीच राग आला.

मी व्हिडिओ सुरू केला, बाटलीचं बूच काढलं आणि माझा हॉटेलातला सूर लावला.

"ही फ्रान्सच्या दक्षिणेकडची रेड वाइन आहे. ड्राय."

"ड्राय?" बाबा म्हणाले. "ड्राय तं आपला वर्धा जिल्हा आहे. दारूबंदीतही दारूच निघाली काय?"

मला हसू आवरेना. "तसं ड्राय नाही बाबा. ड्राय म्हणजे गोडवा उरलेला नाही. द्राक्षातली सगळी साखर आंबून संपली. मग राहते आंबट चव, आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी धरते, तसा तुरटपणा. आणि ही एका द्राक्षाची नाही, तिघांची आहे. एक ग्रनाश, एक सिरा..."

"शिरा? मंग गोड काहून नाही?"

"सिरा, बाबा, सिरा! आणि तिसरं मूर्वेद्र."

"म्हणजे मसालाच झाला हा," बाबा म्हणाले आणि जरा पुढे सरकून बसले. आता ते त्यांच्या गावात आले होते. "तीन जिनसांचा. धने कोणते यात?"

हे मी हॉटेलात तासभर फळा रंगवून सांगते आणि लोक जांभया देतात. बाबांनी एका वाक्यात पकडलं. ग्रनाश म्हणजे धने, अंग भरणारं, मवाळ, पिकल्या फळांचं. सिरा म्हणजे काळी मिरी. आणि मूर्वेद्र म्हणजे दगडफूल, मातीचा, ओल्या चामड्याचा, तळाशी बसणारा वास. मी हे सगळं त्यांना सांगितलं. सांगताना लक्षात आलं नाही, की पेपर आधीच फोडून ठेवला.

"मसाल्यात एकाचंही नाव वेगळं ऐकू आलं," बाबा म्हणाले, "तं समज तो फसला. समद्यायनं मिळून एक वास द्यावा."

मी दोन्ही ग्लासांत थोडी थोडी ओतली. आधी माझा ग्लास नाकाशी नेला. खाली काळ्या मनुका होत्या, मिरी होती. पण त्या सगळ्यावर एक नाव अगदी मोठ्यानं ऐकू आलं. सडका कांदा. कुजलेला कोबी. मी ग्लास बाजूला केला. इतक्या हौसेनं मुंबईहून मागवलेली बाटली, आणि ती नेमकी आज बिघडलेली निघावी!

असं होतं, आणि मला ते चांगलं माहीत होतं. वाइनला बाटलीत हवा मिळाली नाही, की कधीकधी तिला असा गंधकाचा, अंड्या-कांद्याचा वास येतो. सिरा आणि मूर्वेद्रसारख्या द्राक्षांना तर हमखास. मागच्याच आठवड्यात मी पोरांना हे शिकवलं होतं. घाबरायचं नाही, ग्लास फिरवायचा, हवा लागली की वास निघून जातो. मी कॅमेऱ्याकडे बघून मुद्दाम काही बोलले नाही. ही तर आयती परीक्षा झाली. हा वास बाबांच्या नाकातून सुटणं शक्यच नव्हतं.

"घ्या बाबा. घाई नको."

बाबांनी ग्लास दोन्ही हातांत धरला. नाक आत घातलं, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. मग डोळे उघडले आणि ग्लासावरून माझ्याकडे पाहिलं.

"मिरी," ते म्हणाले.

मी खुशीत मान हलवली.

"काळी मिरी. अन्... लवंग?"

मी नुसती बघत राहिले.

"नाही, लवंग नाही. लवंगेसारखं वाटलं फक्त. खाली दगडफूल आहे."

"वा!" माझ्या तोंडून निघून गेलं. मी मनातल्या मनात दादाला चार शिव्या हासडल्या. "आणखी, बाबा? काही नको असलेलं? काही खराब?"

यावेळी मी परीक्षकासारखा कोरा चेहरा ठेवला. बाबांनी पुन्हा हुंगलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या कपाळावर बारीक घाम दिसला, डिसेंबरात.

"नाही," ते म्हणाले. "साफ आहे. एकदम साफ."

दोन हातांवरून येणारा वास, आणि बाबा म्हणतात साफ. दादाचा आवाज कानात आला, बाबाले काहीतरी झालं आहे. पण नको असलेलं पटवून घ्यायचं नसलं, की माणसाला कारणं पटापट सुचतात. मला सुचलं, बाबांनी कधी वाइन हुंगलीच नाही, मग तिचा चांगला वास कोणता आणि वाईट कोणता हे त्यांना कसं ठाऊक असणार? त्यांना वाटलं असेल, वाइन अशीच असते. चूक बाबांची नाही, वाइनची आहे. वाइन दुरुस्त करू, मग पुन्हा घेऊ. मी व्हिडिओ थांबवला.

मी ग्लास गरागरा फिरवला. वास तसाच. ओट्यावर बाबांचा पाणी प्यायचा तांब्या होता, खराखुरा तांब्याचा. गंधकाच्या वासावर तांबं हा जुना उतारा आहे. वाइनमध्ये तांब्याचं नाणं टाकणारे लोक मी पाहिलेत. मी तांब्यातलं पाणी ओतून दिलं, त्यात वाइन ओतली, हिसळली, परत ग्लासात घेतली. वास तसाच. उलट जास्त.

"काय करून राहिली वं?" बाबांनी विचारलं.

"हिचा वास घालवतेय."

"वास येऊन राहिला?" त्यांनी फार हळू विचारलं.

"वाइनचा आहे बाबा. काही विशेष नाही." आणि त्यांना धीर द्यायला मी हसले.

बाबाही हसले. त्यांचे खांदे सैल पडले.

तेवढ्यात मागच्या खिडकीवर थापा पडल्या. शेजारच्या कुसुमताई होत्या. आईच्या मैत्रीण, नाकापेक्षा तोंड तिखट. मी खिडकीची एक फळी जराशी उघडली.

"वास कायचा येऊन राहिला वं, सोनिका? आमच्या मोरीपर्यंत येऊन राहिला."

"फ्रान्सची वाइन आहे मावशी," मी ऐटीत सांगितलं. "ती अशीच असते."

"हे असं सडकं पितेत ते लोक? देव त्यायचं भलं करो." त्या नाकाला पदर लावून निघून गेल्या, आणि मी खिडकी पुन्हा घट्ट लावली. शेजारची फोडणी आत यायला नको.

मी ग्लास फिरवत राहिले. हळूहळू वास कमी झाला. मग आणखी कमी. मग फक्त मनुका, मिरी, माती. मला कोण आनंद झाला! नाक थकतं, एकाच वासात बसून राहिलं की तो वास ऐकेनासं होतं, हा माझ्या पहिल्या तासाचा पहिला धडा. तो मी दुसऱ्यांना शिकवते. त्या दिवशी मी म्हटलं, हवा लागून वाइन खुलली.

डोकं मात्र जड झालं होतं. नुसत्या हुंगलेल्या वाइनचं एवढं डोकं? बाबाही कपाळ चोळत होते. "कोंदट झालं," ते म्हणाले. "पाच मिनिटं बाबा, मग सगळं उघडू," मी म्हटलं आणि मोबाइल पुन्हा लावला.

दुसऱ्यांदा बाबा अफलातून बोलले. आता सगळे शब्द त्यांच्या ओळखीचे झाले होते. "वर पिकलं फळ, मधात मिरी, तळाले दगडफूल. एकाचं नाव दुसऱ्यावर चढत नाही. चांगल्या हातचा मसाला आहे," असं म्हणून त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "कसं काय गा, अंकुश? बरोबर आहे ना?" मी टाळ्या वाजवल्या. जिंकलो होतो आम्ही. दुकान वाचलं, बाबा वाचले, जानेवारी टळला. मी दादाला लिहिलं, 'बघच आता. पाच मिनिटांत पाठवते.'

"झालं ना तुयं?" बाबा उठले. बाहेर उजेड मावळत होता. "आता मेणबत्ती लावू दे मले. सकाळपासून तुही आई अंधारात आहे."

"लावा की बाबा. झालं सगळं."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडानं म्हणाले.

मी माझा ग्लास घेऊन अंगणात गेले, आणि हॉटेलातल्यासारखं दार मागे ओढून घेतलं, सवयीनं. बाहेर थंडी पडायला लागली होती. नळाचं पाणी बोटांना झोंबलं. कुणाच्यातरी घरी मेथी शिजत होती, कुठेतरी शेकोटी पेटली होती. इतका मोकळा वाटला तो श्वास. मी ग्लास दोनदा खळखळून धुतला, झटकला, दार ढकलून आत पाऊल टाकलं, आणि धुतलेला ग्लास नाकाशी नेला. हे आमच्या कामातलं वळण आहे. ग्लास स्वच्छ झाला की नाही ते डोळ्यांनी नाही, नाकानं बघायचं.

रिकाम्या ग्लासात सडका कांदा होता.

पहिला विचार काय आला सांगू? नीट धुतला नाही. पुन्हा धुवावा. मी ग्लास नाकापासून लांब धरला. वास तसाच होता. ग्लास अंगणातल्या कट्ट्यावर ठेवला आणि हात मोकळे करून आत वळले. वास तसाच. खोलीभर होता. पायांपाशी होता. दोन पायऱ्या उतरून खाली दुकानात, बंद दारामागे, कांडपयंत्राभोवती साचत होता.

बाबा कोनाड्यापुढे उभे होते. मेणबत्ती त्यांनी उभी केली होती. डाव्या हातात काडेपेटी, उजव्या हातात काडी, आणि काडी पेटीला टेकलेली.

"बाबा!"

तो आवाज माझा नव्हता. बाबा दचकून वळले. काडी अजून पेटीला टेकलेलीच होती.

"काय झालं वं?"

"काडी ओढू नका. हलू नका. बाबा, काडी खाली करा."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे त्यांना जे दिसायचं ते दिसलं असावं. काडेपेटी त्यांनी अंड्यासारखी अलगद धरली आणि हात खाली घेतला.

"लाइट लावू काय?" ते म्हणाले, आणि हात बटणाकडे गेला.

"नाही! कशालाच हात लावू नका. अंगणात जा. जा ना बाबा!"

ते गेले. मी अंधारात ओट्याखाली वाकले आणि चाचपडत रेग्युलेटर बंद केला. शेगडीकडे जाणारी रबराची नळी बोटांना लागली. एका जागी ती खरखरीत होती, कुरतडलेली. मसाल्याच्या दुकानात उंदीर नवीन नाहीत. मी खिडक्या उघडल्या, श्वास रोखून दोन पायऱ्या उतरले, दुकानाच्या लाकडी दाराची कडी काढली आणि दोन्ही फळ्या सताड उघडून बाहेर गल्लीत आले. बाबाही अंगणातून वळसा घालून आले.

आम्ही समोरच्या घराच्या ओट्यावर बसून राहिलो, आमच्याच घराकडे बघत. अंधारात ते उघडं दार फार मोठं दिसत होतं. कुसुमताई पाणी घेऊन आल्या. "मी तं मघाशीच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. बाबांच्या हातात अजून ती काडेपेटी होती. मी ती काढून घेतली.

"हिंग आणलाच नव्हता ना तुम्ही?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आलो तवापासून," ते म्हणाले. "वाटलं, येईन परत. डॉक्टर बी म्हणे, येते हळूहळू. नाही आलं. तुही आई गेली अन् तिच्यासोबत तेही गेलं."

"मग मसाला कसा करता?"

"रंग पाहतो. मिरची भाजली की आवाज बदलते, तो ऐकतो. कधी चुकते. अन् गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरतो अन् त्याचं तोंड पाहतो. तोंड लपत नाही कोणाचं."

मिरी. लवंग. नाही, लवंग नाही. आता मला तो सगळा खेळ उलगडला. वाइन त्यांनी हुंगलीच नव्हती. हुंगलं होतं ते माझं तोंड.

मला रडू आलं, आणि रडण्याआधी राग आला. "अहो पण बाबा, घरात गॅस भरला होता! काही पेटलं असतं म्हणजे? एवढी मोठी गोष्ट लपवायची?"

"मले काय ठाऊक, बेटा?" बाबा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. ते जसं होतं तसं सांगत होते. "मी तं विचारलं तुले, वास येऊन राहिला काय म्हणून. तू हसली. मले वाटलं, समदं बरोबर आहे."

नाक माझ्याकडे होतं. घरात पाऊल टाकल्यापासून त्या नाकानं मला ओरडून सांगितलं होतं, आणि मी त्याला आधी हिंग म्हटलं, मग फ्रान्स म्हटलं.

मोबाइल वाजला. दादाचा मेसेज, 'पाच मिनिटं झाली. कुठं आहे व्हिडिओ?'

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात, लहान पोरासारखे म्हणाले, "पाठवून दे ना त्याले. नळी मी उद्या नवी आणतो. घंटी वाजते म्हणे आता, गॅस निघाला की, तेही यंत्र लावून घेतो. व्हिडिओत तं चांगला बोललो ना मी?"

खूप चांगले बोलले होते. त्या व्हिडिओवर जगातला कुठलाही माणूस विश्वास ठेवेल. एक बोट दाबलं की दुकान राहत होतं, सकाळची दाढी राहत होती, बाबा महालात राहत होते. आणि पुढे कधीतरी अशीच एक संध्याकाळ येणार होती, जेव्हा मी अंगणात नसणार.

गल्लीतले दिवे लागले. कुणी एक बाई स्कूटर थांबवून उतरली, उघडं दार पाहून हाक मारली, "काका, काळा मसाला आहे काय? तुमचाच पाह्यजे."

बाबा सवयीनं उठले. अर्ध्यावर थांबले. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ग्लासावरून पाहिलं होतं तसंच, आणि वाट बघितली.

मी हसले नाही.

फार वेळ लागला नाही त्यांना. चेहरा वाचायची त्यांना आता सवय होती. "नाही बाई," ते त्या बाईला म्हणाले, "मसाला संपला." मग गल्ली ओलांडून गेले, पाटीखाली क्षणभर उभे राहिले, आणि दाराच्या दोन्ही फळ्या ओढायला हात लावला.

"दार उघडं राहू द्या बाबा," मला ओरडावं लागलं. "वास जायचा आहे अजून."

"हाव," ते म्हणाले. "तू सांगशील तवा लावू."